प्रजननसंस्थेचं मॉडेल घ्यायला जाताना मोजपट्टी, दोरा आणि पेनाची रिफिल सोबत ठेवा

दहावीच्या विज्ञानाच्या वर्गात, नर्सिंग कॉलेजात आणि आशाताईंच्या प्रशिक्षणाच्या खोलीत दिसणारा हा संच आहे. पांढऱ्या पाटावर बसवलेले कमरेचे दोन अर्धे भाग, एक स्त्रीचा आणि एक पुरुषाचा. शरीराचा बरोबर मधोमध उभा छेद घेतला तर जे दिसेल ते दाखवण्यासाठी पीव्हीसीत ओतलेले आणि हाताने रंगवलेले. स्त्रीच्या भागातून गर्भाशय आणि मूत्राशय सुटं निघतं, पुरुषाच्या भागातून वृषण आणि शिश्नाचा अर्धा भाग. सोबत आकड्यांची एक यादी मिळते. वेगवेगळ्या नावांनी आणि खोक्यांतून विकले जाणारे हे संच एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात, की एकाचे दोष समजले की बाकीचे दुकानात उभ्या उभ्या तपासता येतात.

निकाल आधीच सांगतो. संच घ्यावा, पण जोडीनेच घ्यावा आणि दोन्ही भाग एकाच मापाचे व एकाच रंगसंगतीचे असावेत. पुरुषाचा भाग दोन दुरुस्त्यांनंतर उत्तम काम देतो. स्त्रीच्या भागातले आतले अवयव बरे असतात, बाहेरचे मात्र बहुतेक संचांत चुकीचे किंवा अर्धवट असतात आणि ती उणीव घरी भरून काढावी लागते. भिंतीवर टांगायचा, उठावाचा, पाटीसारखा प्रकार स्वस्त असतो. त्यातला एकही अवयव सुटा होत नाही, त्यामुळे मागची बाजू कधीच दिसत नाही. या विषयातलं निम्मं महत्त्वाचं तर मागच्या बाजूलाच आहे, म्हणून तो घेऊ नये.

दुकानात पहिली परीक्षा दिशेची. पुढचं हाड, म्हणजे जघनास्थी, आणि मागचं माकडहाड ही दोन्ही स्पष्ट रंगवलेली आहेत का ते पाहा. ही दोन हाडं ओळखता आली नाहीत तर विद्यार्थी मूत्राशयाला गर्भाशय समजतात, आणि तसं अगदी नेहमी होतं. दुसरी गोष्ट शिकवणाऱ्याने लक्षात ठेवायची. खऱ्या मध्यछेदात अंडाशय किंवा वृषण दिसणारच नाही, कारण ते मधल्या रेषेवर नसतात. मॉडेल एका बाजूचा अवयव चिकटवून दाखवतं. दुसरा पलीकडे आहे हे तोंडाने सांगितलं नाही, तर "अंडाशय एकच असतं का?" हा प्रश्न ठरलेला.

आता स्त्रीच्या भागाकडे वळू. गर्भाशय काढून मोजपट्टीवर ठेवा. मूल न झालेल्या प्रौढ स्त्रीचं गर्भाशय साधारण ७.५ सेंमी लांब, ५ सेंमी रुंद आणि २.५ सेंमी जाड असतं. काही संचांत ते मुठीपेक्षा मोठं केलेलं असतं, म्हणजे बारकावे दिसावेत. पण शेजारचं मूत्राशय तेवढ्या प्रमाणात मोठं केलेलं नसतं, त्यामुळे सगळं प्रमाण बिघडतं. त्याहून महत्त्वाचा आहे कल. बहुसंख्य स्त्रियांमध्ये गर्भाशय पुढे झुकून मूत्राशयावर टेकलेलं असतं आणि योनिमार्गाशी जवळपास काटकोन करतं. स्वस्त मॉडेलमध्ये ते दांडीवरच्या पेरूसारखं सरळ उभं असतं. ही चूक दिसते छोटी, पण पुढे नडते. तांबी बसवायला शिकणाऱ्या नर्सला उभं गर्भाशय पाहायची सवय लागली, तर मोजकाठी सरळ रेटली जाते आणि गर्भाशयाच्या भिंतीला भोक पडण्याचा धोका वाढतो. म्हणूनच प्रत्यक्षात आधी आतून तपासून गर्भाशय पुढे कललेलं आहे की मागे ते पाहतात, ग्रीवा, म्हणजे गर्भाशयाचं तोंड, चिमट्याने धरून हलकेच खेचतात, वाक सरळ करतात आणि मगच आत जातात. साधारण पाचातल्या एका स्त्रीचं गर्भाशय मागे कललेलं असतं. तो आजार नाही. सुटं गर्भाशय उलट कलवून लावता येत असेल, तर तो संच थोडा महाग पडला तरी घ्या.

पोकळीचीही तपासणी करा. आपण गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतो आणि मॉडेलवालेही ती पिशवीसारखीच पोकळ कोरतात, चांगली बोटभर रुंद. खरी पोकळी म्हणजे पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेली, मधे नुसती त्रिकोणी फट. दोन तळहात नमस्कारासारखे जुळवले की त्यांच्या मधे जेवढी जागा उरते तेवढीच. हे समजलं नाही की पुढचे गैरसमज तयार होतात: महिनाभर पिशवीत रक्त साठतं, पाळी आली की ते ओतलं जातं, कमी गेलं तर आत राहून सडतं. प्रत्यक्षात पाळीत जातो तो गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा वरचा थर. पाळीनंतर हा थर काही मिलिमीटरच जाड असतो, पुढच्या पाळीआधी ८ ते १२ मिमीपर्यंत वाढतो. गर्भ रुजला नाही तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं, थरातल्या वळणदार रक्तवाहिन्या आकसतात आणि थर सुटून येतो. संपूर्ण पाळीत रक्त जातं ते साधारण ३० ते ४० मिली, म्हणजे १५ मिलीच्या मोठ्या चमच्याने दोन-अडीच चमचे. त्यात स्राव आणि अस्तराचे तुकडे मिसळलेले असतात, म्हणून ते जास्त वाटतं. ८० मिलीच्या वर रक्त जात असेल तर ते जास्त धरतात आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायला हवं. मॉडेलशेजारी चमचा आणि कुंकवाचं पाणी ठेवून हे दाखवलं की वर्गातली भीती खूप ओसरते.

योनिमार्गाचंही तेच. मॉडेलमध्ये तो उघडी नळी असतो, शरीरात मात्र मिटलेला असतो आणि गरजेपुरता उघडतो. पुढची भिंत साधारण ७.५ सेंमी आणि मागची ९ सेंमी, कारण ग्रीवा वरून तिरकी आत शिरते. दोन्ही मापं मोजपट्टीने पाहा. मागच्या भिंतीच्या टोकाला ग्रीवेमागे खोलगट कोपरा दिसला पाहिजे. वरचं टोक बंद असतं, फक्त ग्रीवेचं बारीक तोंड. मासिक पाळीचा कप 'आत हरवेल का', या प्रश्नाचं उत्तर हा कोपरा बोटाने दाखवला की मिळतं.

तांबी घालून पाहण्याची कसोटी नर्सिंग कॉलेजांनी जरूर करावी. कॉपर-टी ३८० ए ही ३६ मिमी लांब आणि ३२ मिमी रुंद असते. तिचे दोन्ही हात गर्भाशयाच्या वरच्या टोकाशी, नळ्यांच्या दिशेने पसरलेले बसले पाहिजेत. मॉडेलची पोकळी वर अरुंद असेल तर हात दुमडलेलेच राहतात, आणि शिकणाऱ्याच्या हाताला चुकीची सवय लागते.

आता अंडनलिका आणि अंडाशय. बहुतेक संचांत नळीचं टोक अंडाशयाला सरळ चिकटवलेलं असतं, जणू पाइपला नळ. ओतकाम सोपं जावं म्हणून तसं करतात, पण शरीरात ही दोन्ही एकमेकांना जोडलेली नसतात. अंडाशय गर्भाशयाला वेगळ्या बंधाने बांधलेलं असतं. नळीचं झालरीसारखं टोक त्याच्याभोवती फिरतं आणि बाहेर पडलेलं स्त्रीबीज अलगद उचलून घेतं. स्त्रीबीज साधारण ०.१ मिमीचं, टोकदार पेन्सिलीने टेकवलेल्या ठिपक्याएवढं. त्यामुळे ते पोटात पडून कुठे जातं याची काळजी नको, विरून जातं. नळी १० ते १२ सेंमी लांब हवी आणि अंडाशय सालासकट बदामाएवढं, साधारण ३ सेंमी. ते गुलाबी गुळगुळीत रंगवलेलं असेल तर खडबडीत पांढुरकं करून घ्या. स्त्रीबीज ज्यांत वाढतं त्या पुटिका फुटून फुटून त्यावर खळगे पडलेले असतात.

नळीचे भाग वेगवेगळे ओळखू येतात का, हे नीट पाहा. गर्भाशयाजवळ ती अरुंद असते, मधे रुंद होते आणि टोकाला झालर. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचं मीलन होतं ते रुंद भागात, गर्भाशयात नव्हे. तिथून सूक्ष्म केसांच्या लाटा आणि भिंतीचं आकुंचन गर्भाला तीन-चार दिवसांत गर्भाशयापर्यंत आणतात. संसर्गाने हे केस झडले किंवा नळी चिकटली तर गर्भ वाटेतच अडकतो, आणि तोही बहुतेकदा याच रुंद भागात रुजतो. नळीची भिंत ताणून फुटली की रक्तस्राव पोटात होतो, बाहेर थोडंसंच दिसतं. पाळी चुकलेली, एका बाजूला ओटीपोटात जोराची कळ, चक्कर: अशा वेळी रात्र न काढता दवाखाना गाठायचा. हे सांगताना मॉडेलवर नेमकी जागा दाखवता आली पाहिजे. एकसारख्या जाडीच्या नळीवर ती दाखवता येत नाही. स्त्री-नसबंदीही याच नळीवर होते. वाट तुटते, अंडाशय जिथल्या तिथे असतं, त्याचे संप्रेरक रक्तातून जातात आणि पाळी चालू राहते. "ऑपरेशननंतर पाळी जाते का?" या प्रश्नाला दोन बोटांनी नळी चिमटून दाखवण्याइतकं चांगलं उत्तर दुसरं नाही.

काही संचांबरोबर पाळीच्या चक्राची फिरती तबकडी येते. रंग छान असतात, पण '१४ वा दिवस: स्त्रीबीज बाहेर' असं ठळक छापलेलं असतं. ते फक्त २८ दिवसांच्या चक्राला लागू आहे. पाळीचं चक्र २१ ते ३५ दिवसांपर्यंत कितीही असू शकतं. बदलतो तो मुख्यतः पहिला टप्पा, पुटिका वाढण्याचा. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतरचा टप्पा बराचसा ठरलेला, साधारण १४ दिवसांचा, कारण फुटलेल्या पुटिकेच्या जागी मागे उरलेल्या पीतपिंडाचं आयुष्यच तेवढं. त्यामुळे मोजायचं उलटं, पुढच्या पाळीपासून मागे. ३५ दिवसांचं चक्र असेल तर स्त्रीबीज २१ व्या दिवसाच्या आसपास सुटतं. ते १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. 'सुरक्षित दिवस' धरून चालणाऱ्यांचा हिशेब इथेच फसतो. तबकडी वापरायची असेल तर १४ या आकड्यावर कागद चिकटवा आणि उलटी मोजणी शिकवा.

सगळ्यात मोठी तक्रार बाहेरच्या अवयवांबद्दल. उभ्या छेदात भगोष्ठांची एकच बाजू येते, ते समजण्यासारखं आहे. पण शिश्निका (क्लिटोरिस)? ती बहुतेक संचांत एक लाल ठिपका असते आणि पुष्कळदा आकड्यांच्या यादीत तिला आकडाच नसतो. प्रत्यक्षात दिसणारं टोक हा तिचा लहानसा भाग. आत वाकलेला दांडा असतो, त्यातून दोन पाय निघून पुढच्या हाडाच्या कडेने मागे जातात, आणि योनिमुखाच्या दोन्ही बाजूंना रक्ताने फुगणारे दोन कंद असतात. हे काही काल सापडलेलं नाही. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कोबेल्ट याने १८४४ मध्येच तपशिलाने चित्रं काढली होती. नंतर पुस्तकांतून ती गळाली, आणि ऑस्ट्रेलियातल्या मूत्ररोगतज्ज्ञ हेलन ओ'कॉनेल यांनी १९९८ मध्ये शवविच्छेदनातून व नंतर एमआरआयमधून पुन्हा मांडली. २०१६ मध्ये फ्रान्सच्या ओदिल फिलो यांनी थ्रीडी प्रिंटरवर छापता येईल असं पूर्ण मापाचं शिश्निकेचं मॉडेल सर्वांसाठी खुलं केलं. प्रिंट करणाऱ्याकडून ते करून घेता येतं. नाही जमलं तर मुलांची माती पुरते. वाटाण्याएवढं टोक, कोपरासारखा वाकलेला २ ते ४ सेंमीचा दांडा, ५ ते ९ सेंमीचे दोन पाय आणि ३ ते ७ सेंमीचे दोन कंद. हाडाच्या आतल्या कडेला बसवून पाहा, बरोबर बसतं.

योनिपटलाबाबत तर काही संच सरळ खोटं दाखवतात. योनिमुखावर ताणून बसवलेला गुलाबी पडदा, ढोलकीच्या पुडीसारखा. योनिपटल म्हणजे मुखाच्या कडेने असलेली त्वचेची घडी, तिला उघडी जागा असते आणि आकार प्रत्येकीचा निराळा. जन्मतः पूर्ण बंद असेल तर तो दोष आहे. मुलीला पाळी येत नाही पण दर महिन्याला पोटात कळा येतात, रक्त आत साठतं आणि छोटी शस्त्रक्रिया करून वाट मोकळी करावी लागते. घडीवरून लैंगिक संबंध झाला की नाही हे कोणालाही सांगता येत नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून 'कौमार्याची चिन्हं' हा भाग काढला. बलात्कारपीडितेची दोन बोटांची चाचणी करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं. असा पडदा असलेलं मॉडेल वर्गात ठेवणं म्हणजे मुलींच्या आयुष्याशी खेळ आहे. दुकानदाराला परत करा. संच आधीच शाळेत असेल तर ब्लेडने मधला भाग कापा, कडा ठेवा.

रिफिल सोबत नेण्याचं कारण तीन वाटा. मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदद्वार या तीन वेगळ्या वाटा आहेत हे मॉडेलमध्ये आरपार दिसलं पाहिजे. रिफिल मूत्राशयातून घातली तर ती शिश्निका आणि योनिमुख यांच्या मधून बाहेर यायला हवी. अनेक संचांत मूत्रमार्ग फक्त रंगवलेला असतो, भोक नसतंच. लघवी योनीतून होते असं समजणारी शिकलेली माणसंही कमी नाहीत, म्हणून या भोकाचा आग्रह धरावा. स्त्रीचा मूत्रमार्ग साधारण ४ सेंमी, पुरुषाचा १८ ते २० सेंमी. बायकांना लघवीचा जंतुसंसर्ग वारंवार का होतो आणि शौचानंतर धुताना हात पुढून मागे का न्यावा, हे या दोन लांब्या शेजारी ठेवल्या की वेगळं समजवावं लागत नाही.

पुरुषाच्या भागात पहिली परीक्षा दोऱ्याची. शुक्रवाहिनी साधारण ४५ सेंमी लांब असते. ती वृषणकोशातून वर येते, जांघेतल्या बोगद्यातून पोटात शिरते, मूत्राशयाच्या बाजूने, मूत्रवाहिनीच्या वरून ओलांडून मागे उतरते, तिथे शुक्राशयाची नळी तिला मिळते आणि पुरःस्थ ग्रंथीतून (प्रोस्टेट) ती मूत्रमार्गात उघडते. स्वस्त संचात वृषणापासून पुरःस्थ ग्रंथीपर्यंत हाडामागून सरळ रेघ मारलेली असते, वीतभरही नाही. चांगल्या संचात हा वळसा नळीने दाखवलेला असतो. तुमच्या संचात नसेल तर ४५ सेंमीची वायर कापून वळसा स्वतः बसवा. वळसा असा का, याचं कारण वृषणाच्या जन्मात आहे. गर्भात ते मूत्रपिंडाजवळ तयार होतं आणि जांघेतून खाली उतरतं, शुक्रवाहिनी मागून ओढली जाते. म्हणून वृषणाला मार लागला की कळ पोटात जाते, म्हणून जांघेचा हर्निया पुरुषांत जास्त, आणि म्हणूनच काही मुलांत वृषण वाटेत अडकतं. सहा महिन्यांच्या बाळाचं वृषण पिशवीत आलं नसेल तर डॉक्टरांना दाखवावं, शस्त्रक्रिया साधारण दीड वर्षाच्या आत व्हावी.

दुसरा दोरा ६ मीटरचा. वृषणाच्या मागे चिकटलेला स्वल्पविरामासारखा अवयव म्हणजे अधिवृषण. ती एकच नळी असते, उलगडली तर सुमारे ६ मीटर. मॉडेलमध्ये ती गुळगुळीत निळी पट्टी असते. साधा शिवणाचा दोरा ६ मीटर मोजून मुलांना ५ सेंमीच्या लांबीत गुंडाळायला द्या. वृषणात शुक्राणू तयार व्हायला दोन महिन्यांहून थोडा जास्त काळ लागतो, मग या नळीतून सरकताना साधारण आठवडाभराहून अधिक काळात ते पोहायला शिकतात. ताप, रोज भट्टीसमोरचं काम किंवा औषध यांचा परिणाम तपासणीत दोन-तीन महिन्यांनी दिसतो तो यामुळे. वृषण ४ ते ५ सेंमी लांब असावं. डावं जरा खाली लोंबतं, ते मॉडेलमध्ये नसेल तर सांगावं. वृषणाला अचानक असह्य कळ आली, ते वर चढल्यासारखं दिसलं, तर दोरी पिळलेली असू शकते. वाचवायला सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया लागते. लाजेने सकाळची वाट पाहणाऱ्या मुलांसाठी हे वाक्य मॉडेल हातात धरून सांगावं.

यादीतली ठरलेली चूक 'शुक्राशय: शुक्राणू साठवतो'. इथे मराठी नावही फसवं आहे, कारण आशय म्हटलं की साठा आलाच. शुक्राणू साठतात ते अधिवृषणाच्या शेपटीत. शुक्राशय ही ग्रंथी आहे, फ्रुक्टोज असलेला स्राव करते आणि वीर्याचा ६० ते ७० टक्के भाग तिचा. पुरःस्थ ग्रंथीचा २० ते ३० टक्के. शुक्राणूंचा वाटा जेमतेम २ ते ५ टक्के. ५ मिलीच्या सिरिंजमध्ये ३ मिली पाणी घ्या आणि त्यातले दोन थेंब वेगळे काढून दाखवा, शुक्राणू तेवढेच. बिनटाका नसबंदीची सगळी शंका इथे सुटते. वाहिनी कापली जाते वृषणकोशात, ग्रंथी आहेत वर. वीर्य जवळपास तेवढंच राहतं, टेस्टोस्टेरॉन रक्तातून जातं, ताठरतेत फरक पडत नाही. फक्त कापल्याच्या पुढे वाहिनीत उरलेले शुक्राणू निघून जायला वेळ लागतो. तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून शून्य आल्यावरच थांबवायचं. 'ऑपरेशन फसलं' म्हणून येणाऱ्या कितीतरी गर्भधारणा या तीन महिन्यांतल्या असतात.

४० थेंब रक्तातून वीर्याचा एक थेंब होतो, धातू म्हणजे वीर्य गेलं की ताकद गेली, ही समजूतही याच सिरिंजने घालवता येते. साखर, प्रथिनं, पाणी असा हा ग्रंथींचा रोजचा स्राव आहे आणि वापरला नाही तरी शरीर तो बदलत राहतं. या भीतीतून येणाऱ्या अशक्तपणाला मानसोपचारतज्ज्ञ विग यांनी १९६० मध्ये धात सिंड्रोम हे नाव दिलं. भीतीवर उपचार करायचे असतात, रक्तावर नव्हे.

पुरुषाच्या भागात चांगलं काय तेही सांगायला हवं. पुरःस्थ ग्रंथी, मूत्राशय आणि गुदाशय यांचं नातं जवळजवळ प्रत्येक संच बरोबर दाखवतो. अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्रमार्गाला वेढून बसलेली, मागे लागूनच गुदाशय. वय झालेल्या पुरुषांची लघवीची धार का बारीक होते आणि डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून का तपासतात, हे एका नजरेत कळतं. शिश्नाच्या आडव्या छेदात वर दोन आणि खाली मूत्रमार्गाभोवती एक, असे तीन स्पंजी दंड दिसतात. हाड नाही. पुढची त्वचा काही संचांत दाखवलेलीच नसते, ती असलेला संच निवडा. लहान बाळांची ही त्वचा टोकाला चिकटलेली असते आणि वाढत्या वयात आपोआप सुटते, मालीश करताना जोर लावून मागे ओढू नये, हे सांगायची हीच जागा.

जोडीनेच घ्या म्हटलं त्याचं कारण आता. गर्भात सातव्या आठवड्यापर्यंत दोघांचा आराखडा एकच असतो, बाहेरून फरक ओळखू येतो तो बाराव्या आठवड्याच्या सुमारास. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक वृषण घडवतं, मग त्याची संप्रेरकं त्याच मातीतून वेगळे आकार काढतात. शिश्न आणि शिश्निका एकाच कोंबाची. वृषणकोश आणि मोठे भगोष्ठ एकाच घडीचे. पुरुषाच्या काऊपर्स ग्रंथींच्या जागी स्त्रीच्या बार्थोलिन ग्रंथी. वृषणाला खाली नेणारी दोरीच स्त्रीमध्ये गर्भाशयाचा गोल बंध होऊन जांघेतून मोठ्या भगोष्ठापर्यंत जाते. दोन्ही मॉडेल समोरासमोर ठेवून जोडीच्या अवयवांवर एकाच रंगाचे ठिपके लावा. पुरुषाला निळा आणि स्त्रीला गुलाबी असा सरधोपट रंग दिलेल्या संचात हे करता येत नाही.

यादी बहुतेकदा इंग्रजी किंवा लॅटिनमध्ये असते. ती बाजूला ठेवून मराठी चिठ्ठ्या करा, पाठ्यपुस्तकातला शब्द आणि त्याखाली बोलण्यातला: गर्भाशय, पिशवी. ग्रीवा, पिशवीचं तोंड. मूत्राशय, लघवीची पिशवी. बाई 'पिशवी खाली आली' म्हणते तेव्हा नर्सला या दोन्ही पिशव्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, कारण खाली उतरणारं कधी गर्भाशय असतं, कधी मूत्राशय.

सुटे भाग चुंबकाने बसणारे असतील तर उत्तम, खुंट्या वर्षा-दोन वर्षांत ढिल्या होतात. घट्ट बसत असतील तर टाल्कम पावडर लावा, तेल नको. पुसताना साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर लावलं की रंग हाताला येतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. नळ्या आणि झालर आधी वाकतात, आणि तेच भाग बदलून मिळत नाहीत.